मागच्या दाराचं कुलूप

हिरा ओव्हाळ कशी आहे, असं आमच्या गोदामात विचारलंत तर दोन उत्तरं मिळतील. ऑफिसातले म्हणतील, बाई भांडकुदळ आहे. आम्ही पॅकिंगच्या बायका म्हणू, भांडकुदळ आहे म्हणून तर आम्ही आहोत. मी सुंदरा, राहणार चंदननगर. इतकी वर्षं हिराच्या शेजारच्या टेबलावर खोकी बांधून माझी मनगटं कामातून गेली आहेत. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझा आहे, साहेबांचा नाही.

आमचं गोदाम वाघोलीच्या पुढे आहे. एका मोठ्या दुकानवाल्या कंपनीचं. कुकरपासून लहान पोरांच्या मोज्यांपर्यंत सगळा माल आधी आमच्याकडे उतरतो, मग खोक्यांत भरून पुण्यातल्या त्यांच्या दुकानांना जातो. पुढच्या बाजूला मोठं शटर, तिथे ट्रक लागतात. मधे छतापर्यंत लोखंडी रॅक. आणि अगदी मागे भिंतीत एक लोखंडी दार. त्याच्यावर हिरवी पाटी, पाटीवर पळणाऱ्या माणसाचं चित्र. आग लागली, काही झालं, तर इथून बाहेर पळा, असा त्याचा अर्थ. आणि त्या दाराला हे एवढं कुलूप! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

कुलूप का, तर एकदा मिक्सरची खोकी चोरीला गेली. चोर काही सापडला नाही, मग शिक्षा दाराला झाली. आम्ही सगळ्यांनी ते कुलूप रोज पाहिलं आणि रोज विसरलो. हिराला मात्र ते विसरता येईना, आणि त्याला कारण तिचा बाप.

तिचा बाप खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. तिथली शिस्त म्हणजे काडेपेटी खिशात घेऊन आत जायची सोय नाही. माणूस घरी आला तरी ती शिस्त अंगातून निघत नसे. लग्नाला गेला की आधी हॉलची दारं बघून यायचा, कुठलं उघडतं, कुठलं अडलंय, आणि मगच पंगतीला बसायचा. हिराला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच बाप असं करतात. पुढे तिचं लग्न झालं, बोपोडीत संसार मांडला, नवऱ्याला वारंवार आजारपण आलं, मग ती गोदामात लागली आणि त्याच कमाईवर लेकीला, अपेक्षाला, कॉलेजात घातलं. पण बापाची ती खोड तिच्यात जशीच्या तशी उतरली. कामावर आल्या आल्या तिने मला विचारलं होतं, "सुंदराताई, त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते?" मी म्हटलं, अगं बाई, आधी डबा कुठे ठेवायचा ते तर विचार.

किल्ली होती समर्थ सरांकडे. समर्थ सर आमचे मॅनेजर. वय कमी, शिक्षण भरपूर, बोलणं गोड. माणूस वाईट नाही हो, पण वरून फोन आला की त्याचा कणाच गळून पडतो. हिरा त्यांना गाठायची आणि सुरू व्हायची.

"सर, ते मागचं कुलूप."

"हिराताई, आय नो. प्रोसेसमध्ये आहे."

"प्रोसेसमध्ये म्हणजे कोणाकडे?"

"वर कळवलंय. चोरीचा इश्यू आहे ना."

"आणि आग लागली तर किल्ली कुठे?"

"माझ्या केबिनमध्ये. ड्रॉवरमध्ये."

"केबिन तर पुढे शटरजवळ. म्हणजे आगीला सांगायचं, बाई थांब जरा, सर किल्ली आणायला गेलेत."

आम्ही हसायचो. सरही हसायचे. हिरा हसायची नाही. "सर, चोर गेला तर मिक्सर जाईल. आम्ही गेलो तर?" असं विचारून ती टेबलावर परत यायची आणि चिकटपट्टी अशी ओढायची की खोकं थरथरायचं.

त्यात भर घातली दत्तोबांनी. दत्तोबा फोर्कलिफ्ट चालवतात. पुढे दोन लोखंडी सुळे असलेली ती गाडी, माल उचलून रॅकवर ठेवणारी. गोदाम ज्या रानात उभं आहे ते त्यांच्याच भावकीचं. रान गेलं, पण माणूस ती जागा सोडायला तयार नाही. स्वभावाने देवमाणूस. त्यांनी पाहिलं की मागच्या दाराकडे कुणी फिरकत नाही, जागा मोकळी आणि स्वच्छ. लगेच तिथे खंडोबाची तसबीर मांडली. तसबिरीखाली चौरंग आला, उदबत्तीचं घर आलं, घंटा आली. आणि येणारे-जाणारे देवासमोर बूट काढायला लागले. सेफ्टी बूट! जिथे डोक्यावर कुकरची खोकी रचलेली, जिथून गाड्या जातात, तिथे माणसं अनवाणी हात जोडून उभी. सांगा आता, याला काय म्हणायचं?

हिरा दत्तोबांकडे गेली. "दत्तोबा, देव दुसरीकडे मांडू या. ही पळायची वाट आहे."

"आवं हिराबाई, देव तारी त्याला कोण मारी," दत्तोबा म्हणाले. "तुमी उगं घोर लावून घेताय."

"तारायला त्याला तरी वाट ठेवा की."

तेवढ्यात मागून कोणीतरी पुटपुटलं, "हिला काय आपल्या देवाचं सोयरसुतक." हिराच्या घरी बुद्धाची तसबीर, हे सगळ्यांना ठाऊक. माझं टाळकंच सरकलं. मी वळून बोलणार, तर हिराच म्हणाली, "देवाचं नसेल, तुमच्या पायांचं आहे. बूट घाला आधी." आणि कामाला लागली. दत्तोबांनी मान खाली घातली. पण देव हलला नाही आणि कुलूपही नाही.

मग खंडेनवमी आली.

आता खंडेनवमीला ज्याच्यावर आपलं पोट, त्याची पूजा. शेतकरी नांगराची करतो, सुतार करवतीची. पूजेत मांडलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही, तिलाही विसावा, ही आपली रीत. आमच्याकडे लोडिंगच्या पोरांनी यंदा ठरवलं की सेफ्टीचीही पूजा करायची. कल्पना ऐकून समर्थ सर एवढे खूश झाले की त्यांनी फोटो काढून वर पाठवायचं ठरवलं. मग काय विचारता! गोदामात खांबाखांबाला टांगलेली आग विझवायची लाल सिलिंडर होती नव्हती तेवढी काढून आणली आणि मागच्या दारापुढे, खंडोबासमोर ओळीने उभी केली. त्यांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, नळीला लाल धागा. हेल्मेटं मांडली. हातोडे, पान्हे, कटर मांडले. दत्तोबांनी फोर्कलिफ्ट आणून दाराला आडवी लावली, तिला केळीचे खुंट बांधले, चाकांखाली लिंबं ठेवली आणि तिची किल्ली ताम्हणात ठेवली. आरतीसाठी स्पीकर हवा, म्हणून पुढच्या बाजूला जिथे गाडीची बॅटरी चार्ज होते तिथून लांबलचक वायर ओढली. ती प्लॅस्टिकच्या गुंडाळ्यांवरून, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांखालून मागे आणली.

हिरा ते सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. "सर," ती म्हणाली, "सगळी सिलिंडर इथे आणलीत. आग दुसरीकडे लागली तर?"

"हिराताई, प्लीज! सणाचा दिवस आहे," सर म्हणाले आणि फोनवर बोलत बाहेर गेले.

आरती सुरू झाली. आम्ही सगळे मागे, सगळे अनवाणी. बूट रॅकच्या कडेला ढीग घालून ठेवलेले. हिरा एकटी बूट घालून शेवटच्या रांगेत, प्रसादाचे पेढे सांभाळत उभी. टाळ्यांचा नुसता गजर. आणि मधेच स्पीकर गप्प झाला. पोरं हसली, कोणीतरी म्हणालं, पिन निघाली असेल. पिन निघाली नव्हती. पुढे वायर जळली होती आणि प्लॅस्टिकच्या गुंडाळ्यांनी पेट घेतला होता.

धूर काळा असतो हे ऐकलेलं असतं. पण तो एवढा झटकन येतो हे नाही ना कोणी सांगत! शटर दिसेनासं झालं. पुढे आग, मागे कुलूप, मधे आम्ही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ना, ते मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. बायका किंचाळायला लागल्या. कोणीतरी किल्ली, किल्ली ओरडत होतं. किल्ली कुठे? ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर कुठे? आगीपलीकडे.

आणि एवढं होऊनही, तुम्हाला खरं वाटणार नाही, पूजेला कोणी हात लावेना. एका पोराने सिलिंडर उचलायला हात पुढे केला, तर दुसऱ्याने सवयीने त्याचा हात धरला. "अरे, पूजेतलं आहे!" सवय ती. जीव जायची वेळ आली तरी हात आपोआप अडतो.

"दत्तोबा!" हिरा ओरडली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "गाडी काढा! दारासमोरनं गाडी काढा!"

दत्तोबा ताम्हणाकडे बघत उभे. ओठ हलत होते, पाय हलत नव्हते.

"देवाला मी सांगेन काय ते! काढा!"

दत्तोबांनी हळदीकुंकवातली किल्ली उचलली, गाडीवर चढले आणि लिंबं चिरडत, केळीचे खुंट मोडत गाडी बाजूला घेतली. हिराने चौरंग ओढला. तसबीर उचलून माझ्या हातात दिली, "धर." मग पूजेतला मोठा हातोडा घेतला, त्याच्यावरचं फूलही न काढता, आणि घातला कुलपावर. कुलूप तुटलं नाही. तिने पुन्हा घातला. मग कोयंड्यावर घातला, आणि कोयंडा भिंतीतनं उपटून आला.

दार उघडलं तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं. आम्ही एकमेकांना ढकलत बाहेर पडलो. माझ्या तळपायात खोकी बांधायची पत्र्याची पट्टी घुसली. अनवाणी होते ना! पण खंडोबा काही मी सोडला नाही. पोरांनी आता माळांसकट सिलिंडर उचलली, इमारतीला वळसा घालून शटरकडे धावली. पुढे बंब आला, आग विझली. धुराने दोघं-तिघं दवाखान्यात गेले, परत आले. कोणी मेलं नाही. हिरा बाहेर मातीत बसून खोकत होती. मी तिच्या गळ्यात पडून रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

दत्तोबांनी दुसऱ्याच दिवशी देव गेटजवळच्या चौकीशेजारी नेऊन मांडला. त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. हिराला म्हणाले, "बाई, तितं मांडला ही चूक माझी हाय, त्याची न्हाई."

तुम्हाला वाटेल, झालं, आता तरी ऑफिसचे डोळे उघडतील. डोंबल! कोयंडा तुटला म्हणून नवा बसवला, त्याला पहिल्यापेक्षा मोठं कुलूप लावलं, आणि हिराचा सत्कार ठरवला.

हो, सत्कार. मुख्य ऑफिसातून नीरजा मॅडम येणार, शाल, श्रीफळ, फोटो. मोठा फ्लेक्स छापला, त्याच्यावर हिराचा हेल्मेट घातलेला फोटो. आणि तो फ्लेक्स लावला कुठे? मागच्या दारावर! बरोबर कुलपावर हिराचं हसरं तोंड. ज्याने हे सुचवलं त्याचे पाय धरायला हवेत.

हिरा नवी साडी नेसून आली होती. अपेक्षाने वेणी घालून दिली होती. मला वाटलं, चला, बाई मऊ झाली. नीरजा मॅडमचं भाषण झालं, त्या बिचाऱ्यांना कुलपाचं काही माहीत नव्हतं. टाळ्या झाल्या. मॅडमनी शाल उलगडली. हिरा पुढे गेली, मॅडमना नमस्कार केला आणि म्हणाली, "मॅडम, आपण शाल जरा धरून ठेवा." मग वळली, फ्लेक्सचा कोपरा धरला आणि टर्रकन ओढला. तिचं तोंड मधोमध फाटलं आणि मागून कुलूप दिसलं.

"मॅडम, हे तेच दार," ती म्हणाली. "मी फोडलं म्हणून तुम्ही मला शाल देताय. मग याला पुन्हा कुलूप कशाला? पुढच्या वेळी फोडायला मीच हवी का?"

समर्थ सर पुढे झाले, "हिराताई, हे नंतर बोलू."

"नंतर नाही. आत्ता." आणि नवी साडी, नवी वेणी, बाई तशीच दारापुढे फरशीवर मांडी घालून बसली. "कुलूप निघेपर्यंत मी उठत नाही. दिवाळीचा माल ज्याला भरायचा त्याने भरावा."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या मागून एकेक करत सगळ्या पॅकिंगच्या बायका. मग लोडिंगची पोरं. दत्तोबांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि तेही बसले. बाहेर ट्रक हॉर्न वाजवत होते, दुकानांतून फोन येत होते. नीरजा मॅडमनी शालीची घडी घातली आणि सरांकडे बघून म्हणाल्या, "समर्थ, उघडा ते." सरांनी पुढे जाऊन ड्रॉवरमधली किल्ली आणली, कुलपाला लावली. उघडलं. त्या दिवशीच्या टाळ्या काय वाजल्या म्हणून सांगू! शाल मात्र हिराने घेतली नाही. श्रीफळ घेतलं, म्हणाली, नारळाने काय वाकडं केलंय, चटणीला होईल.

दिवाळी गेली. सेल संपला. आणि एका शनिवारी, आम्हा सगळ्यांना ज्याने कामावर लावलंय त्या ठेकेदाराचा माणूस हिरापाशी येऊन हळूच म्हणाला, सोमवारपासून येऊ नका.

"कारण?"

"काम कमी झालंय."

"गोदामाचं काम कमी झालं आणि त्यात मी एकटीच कमी झाले?"

तो आल्या वाटेने सटकला. हिराने डबा घेतला, मागच्या दारानेच बाहेर पडली आणि सोमवारी उघडता उघडता वाकडेवाडीला कामगार ऑफिसात जाऊन तक्रार दिली. मी फोनवर म्हटलं, रड तरी थोडी. म्हणाली, रडायला वेळ नाही, रांग मोठी आहे.

इकडे त्याच सोमवारी समर्थ सर मागे आले. हातात नवं कुलूप. मी पाहिलं आणि माझ्या तळपायातली जखम ठणकली. टेबल सोडून गेले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"सुंदराबाई, बाजूला व्हा."

"नाही व्हायची."

"तुम्हीपण?"

"हो, मीपण."

दत्तोबा लांबून ओरडले, "गाडी आडवी लावू का?" मी म्हटलं, अहो, दारापुढे गाडी नका लावू, तेच तर भांडण आहे! बायका फस्सकन हसल्या आणि हसत हसतच माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

सर आवाज खाली आणून म्हणाले, "सुंदराबाई, तुमचंही कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. विचार करा."

"केला," मी म्हटलं. "मला काढा. मग हिला काढा, मग तिला काढा. शेवटी आत तुम्ही आणि तुमचं कुलूप. बसा दिवसभर एकमेकांकडे बघत. पण आम्ही आत असेपर्यंत या दाराला कुलूप लागणार नाही. आणि हिराला परत घ्या. तेही ऐकून ठेवा."

सरांनी एकेकीकडे पाहिलं. मग कुलूप खिशात घालून गेले.

संध्याकाळी मी हिराला फोन केला. म्हटलं, अगं, तुझ्या नोकरीचं आज सरांच्या तोंडावर बोलले, पण ते काही...

"ते राहू दे," तिने मधेच तोडलं. "दार?"

"उघडं आहे."

मग म्हणाली, "बरं झालं. आता माझ्या नोकरीचं बघू. उद्या सकाळी गेटवर येऊन बसते. डबा दोघींचा आण."

मी दोघींच्या भाकऱ्या थापायला घेतल्या.